हनादीची सोयरीक आणि बिनतारी कार्ड

"फव्वाज, त्या लोकांचे चेहरे बघितल्याशिवाय मी काही 'कॉफी घ्या' म्हणणार नाही," असं माझा मोठा भाऊ चिलीहून फोनवर म्हणाला आणि खाडकन फोन ठेवून मोकळा झाला. त्याला काय जातंय म्हणायला! तो बसलाय पृथ्वीच्या त्या टोकाला कापडाचं दुकान टाकून. इथे अम्मानमध्ये, अश्रफियाच्या चढावर, निस्तरायचं मला.

कॉफीचं एवढं काय, असं ज्याला वाटेल त्याला मुलगी नसणार. मुलाकडची वडीलधारी मंडळी मागणी घालायला येतात, त्यांच्यापुढे कडू कॉफी ठेवली जाते. त्यांचा म्होरक्या तिला हात लावत नाही. आधी लांबलचक भाषण करतो, मग मुलगी मागतो. मुलीच्या घरातल्या मोठ्याने "कॉफी घ्या" म्हटलं, की सोयरीक झाली. तो शब्द आला नाही तर पेले भरलेले राहतात, मंडळी उठून जातात, आणि मग दोन्ही घरं पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या मयतीलाही फिरकत नाहीत. मेहेरच्या रकमेपासून पडद्यांच्या रंगापर्यंत सगळं बायकांनी आधीच ठरवलेलं असतं, हे खरं. पण म्हणून कॉफीला कुणी हलक्यात घेत नाही.

माझी एकुलती एक हनादी. तिच्यावरूनच मला सगळे 'अबू हनादी', हनादीचा बाप, म्हणतात. तिने औषधांच्या दुकानातला राकान नावाचा मुलगा पसंत केला होता. शुक्रवारी दुपारी मंडळी येणार होती, आणि म्होरके म्हणून सल्त गावचे अबू मिशाल, निवृत्त न्यायाधीश. या गृहस्थांनी एका घरी नुसता शब्द यायला उशीर झाला म्हणून चाळीस माणसांना पायऱ्या उतरायला लावल्या होत्या, असं त्यांच्याच बाजूचे लोक अभिमानाने सांगत.

"बाबा, तुम्हीच म्हणा ना ते," हनादी मला म्हणाली होती. "मुलगी तुमची आहे."

"घरात मोठा कोण? मोठ्याच्या आधी तोंड उघडायची आपल्यात पद्धत नाही."

"यांच्यात पडद्याचा रंगसुद्धा चिलीला विचारूनच ठरतो," माझी बायको इन्तिसार स्वयंपाकघरातून म्हणाली. आमच्या घरात स्वयंपाकघराचं दार कधी लागत नाही.

तर भावाला चेहरे दाखवायचे होते. तेव्हाचे फोन नुसते बोलायच्या कामाचे होते, तोंड दाखवायच्या नाही. माझ्याकडे एक लॅपटॉप होता. भूगोलाचा मास्तर म्हणून निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेला, आणि वर्गणीचा जोर पाहता अर्थातच वापरलेला. वजनाला उखळ. मांडीवर घेतला तर पाय झोपायचे. पण वर छोटा कॅमेरा होता आणि आमच्याकडे इंटरनेटही आलं होतं. राउटर आतल्या बोळात, मंडळी बसणार बाहेरच्या दिवाणखान्यात. वायर ओढावी, तर लॅपटॉपच्या वायर खुपसायच्या भोकात कुणाच्या तरी नातवाने भोपळ्याचं बी कोंबलेलं, आणि ते काढता काढता मी आतल्या पिना वाकवलेल्या. म्हणजे उरलं बिनतारी. आणि बिनतारी म्हटलं की लॅपटॉप दाद देईना. आजूबाजूला एकही नेटवर्क नाही, असं तो ठणकावून सांगायचा.

"नवीन घ्या ना बाबा," हनादी म्हणाली.

"चालती वस्तू मी टाकत नाही."

"पण ती चालत नाहीये."

हल्लीच्या मुलींना शिकवून हे असं होतं.

मी खालच्या मजल्यावरच्या उस्ताद जलालला विचारलं, ही माझी पहिली चूक. जलाल विमानतळाच्या हवामान खात्यात नोकरीला होता. तिथे रोज चुकायची सवय असल्यामुळे त्याच्या आत्मविश्वासाला कधी तडा जात नाही. त्याने लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीवर टकटक केलं.

"दगड! तुमच्या सासऱ्याने ही इमारत बांधताना सढळ हाताने दगड लावलाय. लहरी आत येणार कुठून?"

"अहो पण राउटर पण आतच आहे."

"तेच तर. गोंधळतात लहरी. मोकळ्यावर चला."

मग तो पुढे आणि मी लॅपटॉप छातीशी धरून मागे, असे आम्ही जिन्याने वर निघालो. प्रत्येक मजल्यावर एकेक दार उघडलं, आणि प्रत्येक दारातून "काय झालं?" आणि त्यावर एक उपाय. कुणी म्हणे व्हायरस आहे, कुणी म्हणे नजर लागली, एकीने खरोखरच मीठ ओवाळलं आणि त्यातलं थोडं कळफलकात सांडलं. गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमध्ये मी लॅपटॉप डोक्यावर धरून गोल गोल फिरत होतो आणि जलाल "पूर्वेला, अजून पूर्वेला" करत होता. ज्याने उभं आयुष्य पोरांना दिशा शिकवल्या त्याला पूर्व दाखवत होता! समोरच्या गच्चीवर कबुतरं उडवणारा इसम हातातली काठी खाली करून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने मला विचारलं, "मास्तर, तब्येत बरी ना?"

शेवटी जबल हुसेनच्या बासिलकडे गेलो. त्याच्या दुकानावर 'लॅपटॉपचा हकीम' अशी पाटी होती. हकिमाने पेशंट पालथा घातला, स्क्रू काढले, आत फुंकर मारली आणि आवाज खाली आणून विचारलं, "काका, हा कुणाचा आहे?"

"माझाच."

"बिनतारी कार्ड गेलंय याचं. अल्ला तुम्हाला सबुरी देवो. असलं कार्ड आता अम्मानमध्ये मिळणं नाही."

मी भावाला कळवलं. भावाच्या मुलाने, नझीहने, चिलीहून कार्ड धाडलं. दोन बोटांएवढी हिरवी पट्टी. ती समुद्र ओलांडून आली आणि पार्सलच्या कचेरीत अडकली. तिथल्या कारकुनाने ती चिमटीत धरून उजेडाकडे केली.

"बिनतारी यंत्र आहे हे. याला परवाना लागतो. प्रक्षेपण करतं ना?"

"करतं... म्हणजे थोडंसं."

"काय प्रक्षेपित करणार?"

"भाऊ."

त्याने पेन खाली ठेवलं. मी त्याला सगळी हकीकत सांगितली. तो इथून तिसऱ्या खिडकीकडे पाठवेल असं वाटलं होतं, आणि पाठवलंच. तिसऱ्या खिडकीने वरच्या मजल्यावर पाठवलं, वरचा साहेब चहाला गेला होता आणि चहाला गेलेला साहेब आमच्याकडे निवृत्तीच्या सुमारास परततो. मी पुन्हा पहिल्या खिडकीशी येऊन उभा राहिलो. या वयात इतकं लाचार तोंड मी कधी केलं नव्हतं.

"मागणी घालायला कोण येतंय म्हणालात?" कारकुनाने विचारलं.

"सल्तचे अबू मिशाल."

"अबू मिशाल!" तो उठून उभाच राहिला. "हे आधी सांगायचं ना काका! माझ्या आईच्या माहेरचे ते. त्यांच्यापुढे कॉफी निवता कामा नये हं, निवली की संपलं." आणि त्याने शिक्का मारला. मीही रीतीप्रमाणे म्हणालो, "शुक्रवारी या तुम्ही पण." असं म्हणायचं असतं, आणि समोरच्याने छातीवर हात ठेवून नाही म्हणायचं असतं. तो "नक्की" म्हणाला.

कार्ड घेऊन मी हकिमाकडे धावलो. त्याने ते बसवलं, लॅपटॉप चालू केला. काळा पडदा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ. बासिलने ती वाचली आणि डोकं खाजवलं.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, हे कार्ड मला मान्य नाही. काढा आणि मग मला चालू करा."

"म्हणजे?"

"काही जुनी खोडं असतात काका अशी. यांना आपल्याच कंपनीने पसंत केलेलं कार्ड लागतं. बाहेरची सोयरीक यांना चालत नाही. आपल्याकडच्या जुन्या लोकांसारखी चुलत्याचीच मुलगी पाहिजे."

मी स्टुलावर बसलो. मी माझी मुलगी परक्या घरात द्यायला निघालो होतो, आणि माझा लॅपटॉप मात्र खानदान बघत होता. बासिलने मग माळ्यावरून मेलेल्या लॅपटॉपांची गोणी खाली काढली, तीतून याच्याच भाऊबंदाचं कार्ड शोधलं आणि बसवलं. पडदा उजळला. पण कार्डाला दोन बारीक तारा जोडायच्या असतात, एक काळी, एक पांढरी. त्यातली पांढरी जोडताना तुटली.

"एकीवरही भागतं," हकीम म्हणाला. "डोळा एक असला तरी माणूस बघतोच की."

आता म्हणे ड्रायव्हर पाहिजे, म्हणजे कार्डाला हाकणारा प्रोग्रॅम. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. मी म्हणालो, "अरे बाबा, इंटरनेट चालावं म्हणून तर ड्रायव्हर पाहिजे ना?" तो म्हणाला, "हो." मी म्हणालो, "मग?" तो म्हणाला, "हीच तर गंमत आहे." या धंद्यातल्या लोकांना कशाची गंमत वाटेल सांगता येत नाही. अखेर त्याने तो दुसऱ्या यंत्रावर उतरवला, इकडे आणला, आणि तरीही नेटवर्क काही दिसेना. तिथे हकिमाने हात टेकले. गुरुवारी संध्याकाळी मी तो धोंडा घेऊन घरी आलो आणि दिवाणखान्यातल्या टेबलावर आपटला.

"अहो, सावकाश," इन्तिसार म्हणाली. ती उद्यासाठी टेबल पुसत होती. पुसता पुसता तिने लॅपटॉपच्या पुढच्या कडेवरूनही फडकं फिरवलं. कडेवर, अगदी खाली, नखाएवढा एक सरकता खटका होता. फडक्याबरोबर तो सरकला. बाजूचा निळा दिवा लागला. पडद्यावर नेटवर्कांची रांग उभी राहिली. आमचं, जलालचं, समोरच्या कबुतरवाल्याचंसुद्धा.

मी खटक्याकडे बघितलं. इन्तिसारने खटक्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे हा नुसता बंद होता?"

"असं काही नाही. त्यात बऱ्याच तांत्रिक गोष्टी असतात."

"आधीचं कार्ड मग चांगलंच होतं?"

हनादी आत पळाली आणि उशीत तोंड खुपसून हसली, ते भिंतीतून ऐकू आलं. दगडातून आवाज बरा येतो. मला इतका संताप आला की मी न जेवता झोपायचं ठरवलं, पण भरलेल्या द्राक्षपानांचा वास आला म्हणून बेत पुढे ढकलला.

एका तारेचं कार्ड असल्यामुळे चित्र येई-जाई. जलाल वर आला आणि राउटरमागे हात धरून म्हणाला, "इथे पत्रा पाहिजे. लहरी मागे सांडताहेत." त्याने स्वयंपाकघरातून कुनाफ्याची, म्हणजे शेवयांच्या मिठाईची, मोठी परात उचलून आणली आणि राउटरमागे धरली. चित्र स्वच्छ झालं. भाऊ दिसला, त्याच्यामागचे कापडाचे तागे दिसले. परातीचा याच्याशी काही संबंध नाही असं मी आजही म्हणतो. जलाल आजही आहे म्हणतो.

शुक्रवार उजाडला. भाड्याच्या खुर्च्या आल्या, दुपारी मंडळी आली. अबू मिशाल पुढे, खांद्यावर तपकिरी अबा, म्हणजे मानाचा झगा, मागे सल्तच्या पांढऱ्या मिशा. त्यांच्यात पार्सलवाला कारकूनही मित्रांना घेऊन आला होता आणि सगळ्यांना सांगत होता की यंत्र त्याने सोडवलं. राकान कोपऱ्यात घाम पुसत बसला. टेबलावर मधोमध लॅपटॉप, त्यात माझा भाऊ, टाय लावून. आतल्या बोळात जलाल परात धरून उभा. दाराआड बायका आनंदाची ललकारी द्यायला जीभ सरसावून बसलेल्या, आणि त्यांच्या मागे हनादी. तिच्या पायातल्या नव्या चपलांचा आवाज मला येत होता. ती येरझारा घालत होती.

कॉफी ओतली गेली. अबू मिशालांनी पेला समोर ठेवला आणि हात मागे घेतला. सगळ्यांचे हात मागे गेले. मग भाषण. आदमपासून सुरुवात करून ते सल्तपर्यंत आले, सल्तहून राकानच्या पणजोबांवर, तिथून राकानवर. कॉफीची वाफ कमी कमी होत होती आणि मी ती बघत होतो. शेवटी ते लॅपटॉपकडे वळले आणि भरदार आवाजात म्हणाले, "अबू नझीह, आम्ही तुमच्या घरची लेक आमच्या राकानसाठी मागतो."

नेमकी हीच वेळ इन्तिसारला कुनाफा उलटायला सापडली. नंतर कळलं की तिने बोळात येऊन "आधी परात द्या, जळतोय तो" असं म्हणत जलालच्या हातातून परात हिसकावली होती.

पडद्यावर माझ्या भावाने मान वर केली. हनुवटी वर, भुवया वर. आणि चित्र गोठलं.

आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं की हनुवटी आणि भुवया वर म्हणजे नाही. ठाम नाही. बाजारात भाव मान्य नसला की असं करतात, भिकाऱ्याला घालवताना असं करतात. सगळा दिवाणखाना माझ्या भावाच्या त्या हनुवटीकडे बघत होता आणि ती खाली येत नव्हती.

"तांत्रिक अडचण आहे," मी म्हणालो. "एकच तार..."

"तार असो नसो," अबू मिशाल सावकाश म्हणाले, "उत्तर आलं."

"नाही नाही, ते उत्तर नाही. चित्र अडकलंय."

"आम्हीही जग बघितलंय, अबू हनादी. एवढा वेळ हनुवटी कोण वर ठेवतो? ज्याला नाहीच म्हणायचंय तो."

सल्तच्या मिशा एकमेकींकडे वळल्या. राकानचा चेहरा पांढराफटक. मी लॅपटॉपची कळ दाबली, दुसरी दाबली, खटका सरकवला, परत सरकवला. भाऊ तसाच. अबू मिशालांनी अब्याची टोकं गोळा केली. म्हणजे आता उठणार. माझी पाचावर धारण बसली. आणि आत चपलांचा आवाज थांबला.

तो आवाज थांबला, ते मला सहन झालं नाही. माझी पोर दाराला कान लावून उभी होती, आणि तिचं अख्खं आयुष्य एका तुटक्या पांढऱ्या तारेवर लटकत होतं. मला माझा राग आला. इतक्या दिवसांची ती वणवण, ती गच्ची, ती खिडकी, तो खटका, सगळा राग एकदम आला. मी हात पुढे केला आणि माझ्या थोरल्या भावाच्या तोंडावर लॅपटॉपचं झाकण फाडकन मिटलं.

कुणीतरी "अल्ला!" म्हणालं. आमच्यात मोठ्या भावापुढे कुणी पायावर पाय टाकूनही बसत नाही.

"बसा खाली," मी अबू मिशालांना म्हणालो. न्यायाधीशाला! "मी तिचा बाप आहे. मुलगी माझी. दिली. कॉफी घ्या, आधीच निवलीय."

अबू मिशालांनी माझ्याकडे बघितलं. मग पेल्याकडे. मग उचलला आणि एका घोटात रिकामा केला. तोंड वाकडं झालं, पण प्यायले. त्यांच्यामागे सगळ्यांनी पेले उचलले आणि दाराआडून अशी ललकारी उठली की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

तेवढ्यात फोन वाजला. मी बोळात जाऊन उचलला. जलाल रिकाम्या हातांनी तिथेच उभा होता.

"फव्वाज," भाऊ म्हणाला, "तू माझ्या तोंडावर झाकण लावलंस."

"दादा, चित्र गोठलं होतं. तुझी हनुवटी वर होती. त्यांना वाटलं तू नाही म्हणतोयस."

"नाही कशाला म्हणू? चष्म्याच्या खालच्या भिंगातून त्या पोराला शोधत होतो. एवढ्या मिशांमध्ये दिसेना."

"माफ कर दादा."

"तुमच्याकडे गोठलं असेल. माझ्याकडे तुम्ही सगळे हलत होतात. तुझा हात येताना दिसला मला." तिकडे कुणीतरी कापड फाडल्याचा आवाज आला. वडील गेले तेव्हा मी शाळकरी होतो. तेव्हापासून कुठे शिकायचं, कुणाशी लग्न करायचं, कुठल्या रंगाचे पडदे लावायचे, हे मी त्याला विचारत आलो आणि तो सांगत आला. आता काय बोलेल म्हणून मी फोन कानाशी घट्ट धरला.

"झाकण लावलंस ते लावलंस," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "पण मला काही तो मुलगा दिसला नाही. कसा आहे रे?"

मी दारातून दिवाणखान्यात पाहिलं. राकान ती थंडगार कडू कॉफी सरबत प्यायल्यासारखी पीत होता आणि आतल्या दाराकडे बघून हसत होता. इतक्या दिवसांत मी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं, मी लॅपटॉपकडे बघत होतो.

"चांगला आहे दादा," मी म्हणालो.

"तू म्हणतोस तर असेलच," भाऊ म्हणाला.